ओल वजा जाता

माझा धाकटा भाऊ छत्तीस वर्षं वजनकाट्यावर होता. किराणा दुकानातला काटा नव्हे, ट्रक चढतो तो. खाणीचा रस्ता आणि नदीचा रस्ता जिथे एकमेकांना मिळतात तिथे जमिनीत बसवलेली लांबलचक लोखंडी फळी, शेजारी चार पायऱ्यांवर केबिन आणि केबिनच्या खिडकीत हा. गाडी रिकामी असताना तोलायची, भरून आली की परत तोलायची, दोन्हींतला फरक म्हणजे माल. "शाळेतल्या वजाबाकीपेक्षा यात अवघड ते काय?" असं मी त्याला एकदा विचारलं. दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही.

अवघड होतं ते माणसांचं. भरलेली गाडी तोलताना ड्रायव्हर आपल्या सीटवर बसून राहत आणि रिकामी तोलताना हळूच खाली उतरत. म्हणजे सत्तर किलोंचा माणूस वाळूच्या भावात खपे. भाऊ दोन्ही वेळा खिडकीतून ओरडे, "उतरा!" त्यामुळे त्याचं नावच 'उतरा' पडलं. तोंडावर 'उतरासाहेब'.

आणि अवघड होतं ते ओलीचं. नदीची वाळू ओली येते. विकणाऱ्याला पाणीही विकायचं असतं, घेणाऱ्याला फक्त वाळू हवी असते. भाऊ गाडीच्या मागे चढून वाळूत कोपरापर्यंत हात घाली आणि आतली मूठभर वाळू दाबून पाही. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर इतके टक्के, भेगाळला तर इतके, बोटांतून पाणी ओघळलं तर इतके. तेवढी ओल वजा करून तो चिठ्ठी फाडी. कुणी हट्टाला पेटून ती वाळू भाजून, सुकवून परत तोललीच, तर फरक अर्ध्या टक्क्याच्या आत निघे. विकणारे आणि घेणारे दोघेही त्याच्यावर सारखेच नाराज असत. याहून मोठी शाबासकी नोकरीत नाही, असं त्याचं मत.

निवृत्त झाल्यावर लोक देशाटन करतात. हा रोज सकाळी काट्यासमोरच्या चहाच्या टपरीवर बाकावर जाऊन बसू लागला. नव्या काटेवाल्याला कॉम्प्युटर येतो, वाळू येत नाही. दिवसातून दोनतीनदा खिडकीतून हाक येते, "काका, जरा मूठ बघता का?" हा कपाळाला आठ्या घालून, जणू फार मोठी कामं टाकून आल्यासारखा उठतो. त्याची बायको जाऊन अकरा वर्षं झाली. मुलगी पाच तासांवरच्या शहरात नोकरी करते. घरात खाली तो, वर मी. त्या हाकेखेरीज त्याला दुसरं व्यसन नाही.

मग त्याला दम लागायला लागला. आधी केबिनच्या चार पायऱ्या चढून थांबायचा, मग सपाट रस्त्यावर. "वय झालं, ताई," म्हणायचा. मी त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी आणि दिवसातून दहादा जिना चढणारी, त्यामुळे हे मला पटण्यासारखं नव्हतं. पण त्याच्याशी वाद घालण्याचाही कंटाळा येतो. पुढे तो खुर्चीत झोपू लागला. पलंगावर आडवं झालं की गुदमरतं, खुर्चीत बरं वाटतं. ही दुखण्याची खूण आहे हे आम्हा दोघांनाही कळलं नाही. आम्ही खुर्चीला उशी शिवली.

एका सकाळी त्याचे पाय बुटात जाईनात. तेव्हा मी त्याला दवाखान्यात नेलं.

डॉक्टर म्हणाले, हार्ट फेल्युअर. भावाने विचारलं, "फेल म्हणजे संपलंच का?" डॉक्टर म्हणाले, संपलेलं नाही, पंप अशक्त झाला आहे. पुढे ढकलायचं रक्त नीट ढकललं जात नाही, म्हणून पाणी मागे तुंबतं. पायांत, पोटात, फुप्फुसांत. नऊ दिवस ठेवून घेतलं. औषधांनी सात किलो पाणी काढलं. हा आकडा ऐकून भावाला जो आनंद झाला तो मुलगी पहिली आली तेव्हाही झाला नव्हता. "सात किलो, ताई! माझ्यासारख्या चौसष्ट किलोंच्या माणसात! म्हणजे दहा टक्क्यांच्या वर ओल!"

तीन महिन्यांत दुसरी फेरी झाली. कारण सांगायला लाज वाटते, पण सांगते. पाण्याची गोळी घेतली की तासाभरात तीनदा लघवीला जावं लागतं आणि टपरीजवळ ती सोय नाही. म्हणून यानं सकाळची गोळी बंद करून टाकली होती. कुणाला सांगितलं नाही. गोळ्या फेकल्याही नाहीत. डबीत नीट मोजून ठेवल्या होत्या, बावीस. पुन्हा सहा दिवस दवाखाना.

या वेळी मुलगी आली. आमची ही पोर बापावर गेली आहे. ठरवलं की ठरवलं.

"बाबा, आता तिसऱ्यांदा दवाखान्यात जायची वेळ आली, तर तुम्ही माझ्याकडे. कायमचे. या घराला कुलूप."

"आणि ताई?"

"आत्यालाही नेईन."

"मला सामानात धरू नकोस," मी म्हणाले.

"तुझ्याकडे येऊन मी करायचं काय?" भावाने विचारलं.

"आराम."

तिचं घर तिसऱ्या मजल्यावर. खिडकीतून दुसऱ्या इमारतीची खिडकी दिसते. भावाने जन्मठेप ऐकावी तसं ते ऐकलं आणि मान डोलावली. पोरगी वाईट नाही. रात्री-अपरात्री आमचा फोन वाजला की ती गाडीची किल्ली हातात घेऊनच उचलते, तिने तरी काय करायचं?

घरी सोडताना डॉक्टरांनी वर्ग लावला. वर्ग म्हणजे खरोखरचा वर्ग. दर बुधवारी अकरा वाजता, बाह्यरुग्ण विभागामागच्या खोलीत. तिथे पूर्वी मोडकी स्ट्रेचरं ठेवत. अजून दोन होती. पंधरा खुर्च्या, एक फळा, टेबलावर मिठाची बरणी, मोजपात्र आणि वजनकाटा. शिकवायला एक सिस्टर. तिशीची, बुटकी, आवाज शिटीसारखा. आल्या आल्या मला "आजी" म्हणाली. मी तिथल्या तिथे सांगितलं, आजी मी कुणाचीच नाही, बाई म्हण.

तिची पद्धत अशी, की "कळलं का?" हा प्रश्न ती विचारायचीच नाही. म्हणे त्याला सगळे हो म्हणतात. काहीही सांगून झालं की ती स्वतः खुर्चीत बसायची आणि एखाद्या पेशंटला फळ्यापाशी उभं करायची. "आता तुम्ही मला शिकवा. मला काही येत नाही असं समजा." नातेवाइकांनी मध्ये बोलायचं नाही. मी दोनदा बोलले. तिने मला उचलून मागच्या रांगेत बसवलं. वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी मागचा बाक ही माझ्या शिक्षणातली नवी गोष्ट होती.

तिथे माझ्या शेजारी बेकरीवाली होती. तिचा नवरा, बेकरीवाला, पुढे. मीठ कमी करायचा धडा चालू होता. बेकरीवाला म्हणाला, "मी तर मीठ सोडलंच आहे. बरणी कपाटात. नुसता पाव खातो."

"किती?" सिस्टरने विचारलं.

"चार. कधी पाच."

"पिठात मीठ किती घालता?"

बेकरीवाल्याने तोंड उघडलं. पोत्याला किती मीठ, पोत्याचे पाव किती, हे सगळं त्याच्या ओठांवर होतं. तीस वर्षांचा धंदा. मनातल्या मनात भागाकार करताना त्याचे ओठ हलत होते. मग त्याने तोंड मिटलं आणि त्या दिवशी परत उघडलं नाही.

"मी पहिल्या दिवसापासून सांगतेय," बेकरीवाली माझ्या कानात म्हणाली. "पण आपण पडलो घरचे. घरकी मुर्गी!"

तिसऱ्या बुधवारी वजनाचा धडा झाला. सकाळी उठल्यावर लघवीला जाऊन यायचं, चहाच्या आधी, रोज त्याच कपड्यांत, काट्यावर उभं राहायचं आणि आकडा वहीत लिहायचा. एका दिवसात किलोभर वाढलं किंवा तीन दिवसांत दोन किलो, तर थांबायचं नाही, वर्गात दिलेल्या लाल कार्डावरच्या नंबरला फोन करायचा. पायाला सूज, झोपताना उशा वाढवाव्या लागणं, दम. यांतलं काही वाढलं तरी फोन. "बरं वाटतंय म्हणून थांबू नका," सिस्टर म्हणाली. "पाणी आधी काट्यावर दिसतं, मग तुम्हाला कळतं."

माझ्या भावाचा चेहरा उजळला. डाएट, व्यायाम, मीठ, सगळं त्याने सहन केलं होतं. हे मात्र त्याचं माहेर होतं.

त्याने दुकानात जाऊन चार वजनकाटे जमिनीवर मांडायला लावले. शिक्का मारलेलं पाच किलोंचं वजन तो सोबत पिशवीतून घेऊन गेला होता. दुकानदाराला वाटलं सरकारी तपासणी आली. त्याने पाणी विचारलं, खुर्ची दिली. भावाने तीन काटे नाकारून चौथा घेतला. घरी वहीत पट्टीने रेघा आखल्या. तारीख, वेळ, वजन, सही. सही कशाला, मी विचारलं. "वजनाखाली सही नसेल तर ते वजन नाही, ताई."

पुढच्या बुधवारी सिस्टरने ती वही वर्गात फिरवली. चौसष्ट दोनशे. चौसष्ट तीनशे. चौसष्ट दोनशे. इस्त्री केल्यासारखे आकडे. तिने त्यालाच फळ्यापाशी उभं केलं आणि त्याने पाऊण तास व्याख्यान दिलं. काटा गालिच्यावर ठेवू नका, फरशीवर ठेवा. भिंतीला हात लावू नका. खाली वाकून आकडा बघू नका, वजन पुढच्या पायावर जातं. उभं राहा, मोजून तीन श्वास घ्या, मग बघा. लोक वह्यांत लिहून घेत होते. बेकरीवाली मला म्हणाली, "भाऊ तुमचा हुशार आहे हो." मी म्हटलं, मोजण्यापुरता आहे.

मी रोज त्या वहीच्या पानाचा फोटो काढून पोरीला पाठवायची. ती उलट अंगठा पाठवायची. सगळं बैजवार चाललं होतं.

वहीच्या पाचव्या आठवड्यात तो रस्त्यावर दुकानांच्या पाट्या वाचू लागला. जन्मापासून जी पाटी तीच आहे, तिच्यासमोर उभा राहून नीट वाचायची आणि मग पुढे निघायचं. सहाव्या आठवड्यात त्याने चपलेचा पट्टा एका भोकाने सैल केला. मी विचारलं, "पाय सुजलेत का रे?"

"वही बघ," तो म्हणाला.

वहीत चौसष्ट दोनशे. मी वही मिटली. विज्ञान शिकले, पदवी घेतली, आयुष्यभर लोकांना सांगितलं की डोळ्यांनी बघा. आणि स्वतः डोळ्यांसमोरचा पाय सोडून वही बघितली. त्याचं अंथरूण घालताना उशा तीन दिसल्या. कधी वाढली म्हणून विचारलं तर म्हणाला, "मान अवघडते."

एक्केचाळिसाव्या दिवशी मी सकाळी नेहमीपेक्षा लवकर खाली आले. वर नळाला पाणी नव्हतं, एवढंच कारण. त्याच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. तो काट्यावर ताठ उभा होता. तीन श्वास घेतले. मानेने नाही, नुसत्या डोळ्यांनी आकडा बघितला. मग खाली उतरून पलंगावर बसला, पायजमा वर केला, नडगीवर अंगठा रुतवला, काढला आणि घड्याळाकडे बघत बसला. दुसऱ्या पायाला तेच. मग पोटाच्या कडेला. मग डोळे मिटून थोडा वेळ बसला आणि वहीत लिहिलं. सही केली.

मी आत जाऊन वही बघितली. चौसष्ट दोनशे.

"काट्यावर किती आलं?"

"सदुसष्ट पाचशे."

"मग हे कुठून आणलंस?"

"ओल वजा केली." मी भाषा विसरले असेन अशा सुरात तो म्हणाला. "हे बघ." त्याने परत अंगठा दाबला. नडगीवर खळगा पडला. त्यात एक चिंचोका बसला असता. "हा भरून यायला किती वेळ लागतो ते बघायचं. दोन्ही पाय मिळून दोन किलो. पोटाचं एक तीनशे. पोटाचा अंदाज आहे, पण चुकणार नाही."

"हे कधीपासून?"

"सुरुवातीपासून. तेव्हा शंभर-दोनशे ग्रॅम असायचं. आता जरा वाढलंय."

"अरे गाढवा! तिला त्या पाण्याचंच वजन हवं आहे! तुझी हाडं घेऊन ती काय करणार?"

"तिने माझं वजन विचारलं. पाणी म्हणजे मी नव्हे. पाण्यासकट आकडा द्यायचा म्हणजे फसवणूक."

"कुणाची?"

त्याने पायजमा खाली ओढला. छत्तीस वर्षांत बहुतेक हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता.

मी फोन उचलला. त्याने माझं मनगट धरलं. "ठेवून घेतील, ताई. मग ती येईल बॅग घेऊन. तू दोन... दिवस दे. गोळीने उतरेल."

खरं सांगते, क्षणभर मीही विचार केला. तो गेला की खालच्या मजल्यावर दिवा कोण लावणार, हा विचार माझ्याही डोक्यात होताच. पण 'दोन' आणि 'दिवस' यांच्यामध्ये त्याला श्वास घ्यावा लागला होता. एवढ्याशा वाक्यात. मी नंबर फिरवला.

"सिस्टर, मी बोलतेय, आमच्या याचं वजन..."

"बाई, काका शेजारी आहेत ना? त्यांच्याकडे द्या."

आग लागली असती तरी या बाईने आधी आगीलाच बोलायला लावलं असतं. मी फोन दिला.

"काका, वजन?"

त्याने हातातली वही मिटली. मी त्याच्याकडे बघत राहिले. आयुष्यात खोटं वजन त्याने सांगितलं नव्हतं, आणि आता खरं सांगणं म्हणजे आपलं घर आपल्या हाताने बंद करणं होतं.

"काट्यावर सदुसष्ट पाचशे," तो शेवटी म्हणाला. "काल सदुसष्ट शंभर. परवा सहासष्ट सहाशे." सगळं पाठ होतं.

"मग वहीत?"

"वहीत निव्वळ."

त्याने निव्वळ म्हणजे काय ते समजावलं. मग शिटी परत वाजली. बसल्या जागी दम लागतो का? छातीत दुखतं का? चक्कर? उशा किती? नवीन कुठली गोळी सुरू केलीत का, कुठल्याही दुखण्याची?

भावाने माझ्याकडे बघितलं. "गुडघ्याची. ताईने दिली."

दिली होती. माझी नेहमीची, दुखण्यावरची. त्याचा गुडघा दुखत होता, माझ्या डबीत गोळ्या होत्या. सकाळ-संध्याकाळ एक, बारा दिवस. हृदयाच्या माणसाने असली गोळी विचारल्याशिवाय घ्यायची नाही, तिने अंगात पाणी साठतं, हा धडा वर्गात झाला होता. त्या वेळी मी मागच्या बाकावर बेकरीवालीला सिस्टर किती उद्धट आहे ते सांगत होते.

"ती बंद. आत्ताच्या आत्ता इकडे या. गाडीने. चालत आलात तर मी परत पाठवीन," सिस्टर म्हणाली.

दवाखान्यात रक्त तपासलं, छातीचा कार्डिओग्राम काढला, शिरेतून औषध दिलं आणि पडद्याआडच्या आरामखुर्चीत त्याला बसवलं. हाताशी लघवी मोजायचं भांडं. दर खेपेला तो भांडं उजेडात धरून आकडा वाचायचा आणि नर्सने लिहिलेला दुरुस्त करायचा. चार वाजेपर्यंत दोन हजार चारशे. डॉक्टरांनी परत छाती ऐकली, पाय बघितले. म्हणाले, "उद्या आला असतात तर पलंग लागला असता. आज खुर्चीवर भागलं. घरी जा, चार दिवस रोज सकाळी दाखवून जायचं."

आम्ही घरी पोचलो तर दारात पोरगी उभी. मीच कळवलं होतं. लपवायचं नाही असं ठरवलं होतं. हातात बॅग. रिकामी आहे हे तिच्या धरण्यावरूनच कळत होतं.

"मग? तिसऱ्यांदा झालं ना?"

"दाखल केलं नाही," भाऊ म्हणाला. "खुर्चीत बसवलं होतं."

"हाताला सुई होती?"

"सुई होती. बाटली नव्हती."

"बाबा, मी इथे वकिली शिकायला आलेली नाही." तिने टेबलावरची वही उचलली. "या वहीवर मी झोपत होते. रोज सकाळी फोटो बघितला की माझा दिवस सुरू व्हायचा. तुम्ही मला फसवलंत."

त्या शब्दाने तो खुर्चीवरून उठला. आतल्या खोलीत गेला आणि बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आला. डब्यात चिठ्ठ्या होत्या. एक्केचाळीस. प्रत्येकीवर तारीख, काट्यावरचं वजन, वजा केलेली ओल, निव्वळ, सही. काट्यावर फाडायचा तशाच, कार्बन ठेवून.

"भरलेलं वजन कुणी फेकत नाही," तो म्हणाला. "कधीही तपासायला येऊ शकतात."

"मग मला का नाही दाखवलं?"

"तू मागितलं नाहीस."

पोरीने सगळ्या चिठ्ठ्या टेबलावर ओळीने मांडल्या, संपल्यावर खाली फरशीवर. ती गुडघ्यांवर बसून वाचत होती आणि तो शेजारी उभा राहून कुठे रांग वाकडी होते ते सांगत होता. तिने डोळे पुसले ते मी बघितलं. त्याने बघितलं नसावं. तो एकतीस नंबर सरळ करत होता.

"बुधवारी मीही वर्गाला येते," ती म्हणाली. "मग ठरवू." बॅग भिंतीला टेकून राहिली.

बुधवारी सिस्टरने चिठ्ठ्यांवरून फळ्यावर दोन रेघा काढल्या. एक आडवी, वहीची. दुसरी एकोणतिसाव्या दिवसानंतर वर चढत गेलेली, चिठ्ठ्यांची. मग ती खुर्चीत बसली. "काका, शिकवा."

भाऊ फळ्यापाशी गेला. खडू हातात घेतला, परत ठेवला. चूक झाली हे वाक्य त्याच्या तोंडून मी लहानपणापासून ऐकलेलं नाही. त्या दिवशीही ऐकलं नाही.

"ही वही चूक आहे," तो आडव्या रेघेकडे बोट दाखवून म्हणाला. "काटा बरोबर होता. मध्ये मी आलो. वाळूतलं पाणी वजा करायचं असतं. माणसातलं करायचं नसतं. काट्यावर दिसेल ते लिहायचं."

"फोन कुठल्या दिवशी करायला हवा होता?" सिस्टरने सगळ्यांना विचारलं.

बेकरीवाला उठला आणि चौतिसाव्या दिवसावर बोट ठेवलं. "हितं. तीन दिवसांत दोन किलो."

"बरोबर. इथे फोन आला असता तर?"

ती उठली आणि त्या दिवसाभोवती खडूने गोल काढला.

"दुखण्याची गोळी बंद, पाण्याची गोळी थोडी वाढवून, बहुतेक घरच्या घरी भागलं असतं. खुर्चीसुद्धा लागली नसती." मग ती मागे वळली. "दुखण्याची गोळी कुणी दिली होती?"

मी उभी राहिले आणि सांगितलं. बेकरीवाली खालून म्हणाली, "म्हणजे आपण त्या दिवशी बोलत होतो तेव्हाच का हो?" मी म्हटलं, हो, तेव्हाच, आणि आता तरी गप्प बसा.

सिस्टर पोरीसमोर जाऊन उभी राहिली. "आणि तुम्ही. दवाखाना झाला की घर बंद, असं तुम्हीच ठरवलं होतं ना?"

"त्यांच्या काळजीने."

"काळजीनेच. पण शिक्षा तुम्ही फोनला लावलीत. मग माणूस फोन कसा करेल?"

"मी घाबरलो नव्हतो," भाऊ फळ्यापासून म्हणाला. वर्गात एकानेही मान हलवली नाही.

पोरीने त्या चढत्या रेघेवरून नजर चौतिसाव्या दिवसापर्यंत नेली. मग म्हणाली, "ठीक आहे. नियम बदलते. दवाखाना कितीदाही होऊ दे. पण फोन करायचा दिवस एकदा जरी चुकवलात, तर मी येणार आणि तुम्ही काही न बोलता गाडीत बसणार. आणि रोज सकाळी फोटो मला काट्याचा हवा. आकडा आणि तुमच्या पायाची बोटं दिसली पाहिजेत. वही नको."

"सही?" त्याने विचारलं.

"नको, बाबा."

हे त्याला जड गेलं, पण कबूल केलं.

घरी आल्यावर तिने बॅग उचलली आणि उचललेलीच धरून उभी राहिली. "मी तुमच्यासाठी पलंग घेऊन ठेवलाय," ती म्हणाली. "डोक्याकडून उंच करता येतो असला."

त्याने विचार केला. डॉक्टरांकडच्या चार फेऱ्या संपल्या होत्या, वजन चौसष्ट सहाशेवर आलं होतं. "चार दिवस येतो," तो म्हणाला. "पलंग बघायला. पाचव्या दिवशी सोडायचं."

ती रिकामी आणलेली बॅग तिने भरली. गोळ्यांची डबी, लाल कार्ड, दोन सदरे. वजनकाटा तो मांडीवर घेऊन बसला. तिच्याकडे काटा आहे म्हणाली तर म्हणे दुसऱ्याच्या काट्यावर तोललेलं धरता येत नाही, आणि या बाबतीत तो बरोबर होता, सिस्टरही तेच सांगते.

चार दिवस सकाळी सात वाजता माझ्याकडे फोटो येत होता. चौसष्ट पाचशे, खाली दहा बोटं. चौथ्या दिवशी पोरीचा फोन आला. "आत्या, इमारतीतली सहा म्हातारी माणसं सकाळी रांग लावून दारात उभी असतात. बाबा त्यांना भिंतीला हात लावू देत नाहीत. आणि मला म्हणतात, पाचवा दिवस उद्या आहे ना, सहावा चालेल का?"

मी म्हटलं, विचारून बघ त्याला, बुधवार कधी आहे.

तो मंगळवारी रात्री आला. खालच्या खोलीत दिवा लागला. मी वरून ओरडून विचारलं, "दम लागतोय का?"

"नाही," तो म्हणाला, एका श्वासात, आणि वर आणखी मला वाक्यभर शिव्या दिल्या.